दिवाणजींच्या मुलीला वकील व्हायचंय

पत्र : ताई, मी तासगावची. या जूनमध्ये बारावी कॉमर्सला जाईन. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडील बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याचा सव्वाचार लाखांचा चेक परत आला. नोटीस पाठवायची मुदत असते आणि ती निघून गेली, हे मालकांना फार उशिरा कळलं. वडील कितीतरी रात्री झोपले नाहीत. तेव्हापासून मला वकील व्हायचंय, पण अकाउंट्सही मनापासून आवडतं. काका म्हणतात, सांगलीत बी.कॉम. कर, मग बघू. क्लासचे सर म्हणतात, क्लॅट दे. पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचे लोक कॉलेजात येऊन गेले. पाच वर्षांत दोन पदव्या, वर शंभर टक्के नोकरी म्हणाले. फी वर्षाला साडेतीन लाख. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. आई म्हणते, पोरीच्या जातीने कोर्टकचेरीत कशाला पडायचं? आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्न तीन लाखांच्या आत. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. मी काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर :

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या प्रश्नांसाठी आणि दुसऱ्यांदा त्या चेकसाठी. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या चेकमध्येच आहे असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

चेक न वटण्याचा गुन्हा 1881 च्या कायद्याच्या कलम 138 मध्ये येतो. या कायद्याचं मराठी नाव ‘परक्राम्य संलेख अधिनियम’. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला 15 दिवस असतात. त्यातही भरले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. आता तूच बघ, हे कळायला हवं होतं कुणाला? दुकानात सगळी कागदपत्रं तुझ्या बाबांच्या हाताखाली होती. कोणता माल गेला, सौदा कितीला झाला, पट्टी किती निघाली, चेक कोणत्या तारखेला परत आला, हे त्यांच्या खतावणीत (हिशेबाच्या वहीत) होतं. कायद्याची मुदत वकिलाच्या डोक्यात होती. ही दोन माणसं वेळेवर एका टेबलाशी बसली नाहीत, म्हणून मालकांच्या हातातली सोपी वाट गेली. तुला जे व्हायचंय ते या दोघांच्या मधलं माणूस आहे. खतावणी वाचता येणारा वकील. अशी माणसं खरंच कमी आहेत. कंपन्यांच्या खटल्यांत ताळेबंद समोर आला की चांगले चांगले वकील सीएच्या तोंडाकडे बघतात, हे मी अनेक वर्षं पाहत आले आहे.

म्हणून अकाउंट्स आवडतं ही गोष्ट तू ‘पण’ लावून लिहू नकोस. तीच तुझी जमेची बाजू आहे. बाबासाहेब आंबेडकर 1918 ते 1920 मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि 1935 मध्ये मुंबईच्याच शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पैशाचा अभ्यास आणि कायद्याचा अभ्यास एकाच माणसाने करण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. आज ही दोन्ही कॉलेजं चर्चगेटला, एकमेकांपासून पायी पाच-दहा मिनिटांवर आहेत. कधी मुंबईला गेलीस तर दोन्हींच्या आवारात एक चक्कर मार.

आता मुद्द्यावर येते. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत असं तुला वाटतंय. माझ्या मते दोनच आहेत, तिसरी सोडून दे.

ती तिसरी म्हणजे कर्ज काढून घ्यायची जागा. साडेतीन लाख गुणिले पाच म्हणजे साडेसतरा लाख. वर हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, येणं-जाणं. खासगी विद्यापीठं सगळी वाईट असतात असं मी म्हणत नाही, काहींत उत्तम शिकवतात. माझी भीती वेगळी आहे. वकिली सुरू करणाऱ्या मुलीला पहिली दोन-तीन वर्षं सीनिअरच्या ऑफिसात फार थोडे पैसे मिळतात. कधी नुसता प्रवासखर्च. पण खरं शिक्षण त्याच वर्षांत होतं. कर्जाचा हप्ता मात्र त्यासाठी थांबत नाही. मग मुलगी कोर्टात उभं राहायची सोडून मिळेल ती नोकरी धरते, आणि पाच वर्षं जे शिकली ते बाजूला पडतं. माझ्या ओळखीतल्या दोन मुलींचं असं झालेलं मी जवळून पाहिलंय. आणि ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्यांना बाबांनी शांतपणे एवढंच विचारावं: मागच्या तीन वर्षांत पास झालेल्यांची यादी द्या. किती जणांना कुठे, किती पगारावर लागली, ते लेखी द्या. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

राहिल्या दोन वाटा. पहिली क्लॅटची. देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश या एका परीक्षेवर होतात (दिल्लीचं विधी विद्यापीठ त्याला अपवाद, त्यांची परीक्षा वेगळी). आपल्या राज्यात अशी तीन विद्यापीठं आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तिन्ही 2014 च्या कायद्याने झाली आणि तिथे महाराष्ट्राच्या रहिवाशांना राखीव जागा आहेत. कायद्याच्या जोडीला कॉमर्स किंवा व्यवस्थापन घेता येतं अशीही काही विद्यापीठं आहेत. गांधीनगरचं बी.कॉम. एलएल.बी. हे त्यातलं जुनं नाव. फी इथेही वर्षाला लाखांत जाते, हे लपवत नाही. तरी चांगल्या क्रमांकाने वरच्या विद्यापीठात जागा मिळाली, तर तिथे कर्ज काढायला मी ‘नको’ म्हणणार नाही. मोठ्या लॉ फर्म मुलं घ्यायला या विद्यापीठांत स्वतः येतात, आणि पहिल्या वर्षापासून जी संगत मिळते ती बाहेर मिळत नाही. पण ‘राष्ट्रीय’ ही पाटी बघून शेवटच्या फेरीत कुठल्या तरी लांबच्या, नव्या विद्यापीठात गेलीस आणि फी तेवढीच भरलीस, असं करू नकोस.

दुसरी वाट तुझ्या काकांची. ‘मग बघू’ एवढं सोडलं, तर काका बरोबर आहेत. सांगलीत अनुदानित तुकडीत बी.कॉम. तीन वर्षं आणि नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. म्हणजे सहा वर्षं. पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमापेक्षा एकच वर्ष जास्त. आजकाल कॉलेजं चार वर्षांच्या ऑनर्सचं सांगतात, पण एलएल.बी.साठी तीन वर्षांची पदवी पुरते. बी.कॉम.चा दिवस मोकळा असतो, त्यात कंपनी सेक्रेटरीचा कोर्स सुरू करता येतो. त्याच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतात. बारावीच्या एसपीत (सेक्रेटरीअल प्रॅक्टिस या विषयात) तू भागविक्री, कर्जरोखे, लाभांश शिकणारच आहेस. तेच पुढे कंपनी कायद्यात येतं, त्यामुळे ओझं वाटणार नाही. सीएचा विचार असेल तर मात्र नीट कर. सीएची आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातली उमेदवारी) आणि पूर्णवेळ एलएल.बी. एकाच वेळी ओढायला गेलीस तर दोन्हीकडे पाट्या टाकल्यासारखं होतं. आणि एक चूक मुलं हमखास करतात, म्हणून सांगते. वेळ वाचवायला नियमित बी.कॉम. आणि नियमित एलएल.बी. एकदम करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. विधीच्या वर्गांना प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरीचा नियमही आहे. ‘नाव घाला, परीक्षेला या’ म्हणणाऱ्या कॉलेजपासून लांब राहा.

माझा कौल विचारशील तर असा आहे. क्लॅट एकदा, मनापासून दे. वरची जागा मिळाली तर जा. नाही मिळाली तर एक दिवसही रडत न बसता सांगलीत बी.कॉम.ला नाव घाल, आणि तीन वर्षांनी एलएल.बी.साठी घर सोड. मी स्वतः याच दुसऱ्या वाटेने आले. बी.कॉम.च्या तीन वर्षांत मी इंग्रजी पक्कं केलं, आणि विसाव्या वर्षी कायदा वाचायला घेतला तेव्हा त्यातलं जग ओळखीचं होतं. सतराव्या वर्षी भागीदारीचा कायदा पाठ करावा लागतो. भागीदारीच्या वह्या लिहून झाल्या असतील तर तो समजतो.

मधे एक खुलासा. ‘कुठलं विद्यापीठ’ हा प्रश्न तुला पडेलच, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदवी विद्यापीठाची आणि शिकवणं कॉलेजचं असतं. सांगलीतून बी.कॉम. झालीस तर पदवीवर शिवाजी विद्यापीठ असेल. पुण्याच्या आयएलएसला गेलीस तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईच्या शासकीय विधीला गेलीस तर मुंबई विद्यापीठ. म्हणून विद्यापीठाच्या नावावर फार अडू नकोस, कॉलेज बघ. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी मी तुझ्यापुढे तीन नावं ठेवेन. 1855 पासूनचं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, 1924 पासूनचं आयएलएस आणि 1933 पासूनचं कोल्हापूरचं शहाजी विधी महाविद्यालय.

कोल्हापूरचं नाव वाचून तुला वाटलं असेल, ताई आपल्याला लहान ठेवतायत. तसं नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली प्रकरणं आता तिथे चालतात. आपल्याकडच्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं ही मागणी लावून धरली होती. आम्ही शिकत होतो तेव्हा हायकोर्ट बघायचं म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि कुणाच्या तरी घरी मुक्काम. तुला ते आता एसटीच्या अंतरावर आहे. कायद्याचं कॉलेज निवडताना मी पहिली गोष्ट हीच बघते, की वर्ग सुटल्यावर कोणतं कोर्ट गाठता येतं. कंपनी कायद्याचं काम बघायचं असेल तर मात्र मुंबईला पर्याय नाही. कंपनी न्यायाधिकरणाचं खंडपीठ, सेबी, रिझर्व्ह बँक, मोठ्या फर्म सगळं तिथे आहे. तेव्हा बी.कॉम. होईपर्यंत स्वतःला ओळख. व्यापाऱ्यांचे दावे, बँकांची वसुली, जीएसटीची अपिलं यांत मन रमत असेल तर कोल्हापूर किंवा पुणे. विलीनीकरण, दिवाळखोरी, शेअर बाजार यांत रमत असेल तर मुंबई.

कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेण्याआधी एक दिवस तिथे जा. सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी अकरा वाजता. वर्गात मुलं बसलेली आहेत का बघ. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचार. बार कौन्सिलची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, त्याचा कागद माग. आणि शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी गाठून विचार, ‘तू पूर्ण वाचलेला शेवटचा निकाल कोणता?’ ती काय सांगते, कशी सांगते, त्यावरून तुला माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त कळेल.

पैशाचं बोलते. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून म्हणजे कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा यात बसत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठंही बसत नाहीत. म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, देऊन तू विधी महाविद्यालयात गेलीस तर बाबांना हॉस्टेल-मेसचीच सोय बघावी लागेल. फक्त कागद आत्ताच तयार ठेव. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. निकालानंतर सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि एका दाखल्यापायी मुलींच्या जागा जातात.

आता तयारी. क्लॅट हल्ली डिसेंबरमध्ये होते, बारावीचा बोर्ड फेब्रुवारीत, आणि राज्याची पाच वर्षांच्या विधीची सीईटी त्यानंतर. अर्ज दोन्हींचा भर. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट फक्त इंग्रजीत आहे. दोन तासांत 120 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. आणि सगळे प्रश्न उताऱ्यांवर. साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा, त्याखाली प्रश्न. कायद्याचा भागही उताऱ्यावरच असतो, त्यासाठी आधी कायदा येत असायला लागत नाही. तेव्हा जाडजूड गाइडं पाठ करू नकोस. तिथे तुझं वाचन तपासतात.

त्यासाठी रोज एकच गोष्ट कर. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख घे, एकदाच वाच आणि बंद कर. मग तो मराठीत तीन वाक्यांत लिही: लेखक काय म्हणतो, का म्हणतो, आणि त्याने कुठली गोष्ट गृहीत धरली आहे. तिसरं वाक्य अवघड जाईल. तेच महत्त्वाचं आहे. सुरुवातीला एका लेखाला तास लागेल. दिवाळीपर्यंत वीस मिनिटांवर येशील. गणिताचे प्रश्न दहा-चौदाच असतात आणि ते टक्केवारी, गुणोत्तर, तक्ते असेच असतात. अकाउंट्सवाल्या मुलीने त्यातले गुण सोडायचे नाहीत.

बोलताना अडखळतेस याची काळजी आज करू नकोस. तालुका आणि जिल्हा कोर्टाची भाषा मराठी आहे, तिथे तुझी मराठी हेच बळ. उच्च न्यायालयात आणि करारांत इंग्रजीच लागेल, पण तिथेही आधी वाचणं आणि लिहिणं लागतं. मी एक वही केली होती, तू पण कर. डावीकडे कायद्याचा मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली दुकानातलं उदाहरण. 1872 च्या करार कायद्यापासून सुरुवात कर, तो बी.कॉम.ला आहे आणि एलएल.बी.लाही. ‘प्रतिफल’ हा शब्द घे. इंग्रजीत त्याला कन्सिडरेशन म्हणतात. शब्दकोशात पाहिलंस तर ‘विचार’ असा अर्थ सापडेल आणि तू गोंधळशील. पण बाबांना विचार, शेतकऱ्याने बेदाणा दिला त्याबदल्यात त्याला काय मिळालं? पट्टीचे पैसे. ते प्रतिफल. असे चाळीस शब्द झाले की पुस्तक उघडायची भीती जाते.

आणि पुस्तकं जुन्या बाजारातून घेताना जपून. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. आयकराचाही नवा, 2025 चा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू. कुणी दादा-ताई प्रेमाने जुनी पुस्तकं देतील, पण या विषयांची घेऊ नकोस. कराराचं, भागीदारीचं जुनं पुस्तक चालेल.

आईचं राहिलं. ‘मुलीच्या जातीने’ हे ती तुला अडवायला म्हणत नाही. तिने कोर्ट बघितलंय ते फक्त घाबरलेल्या माणसाच्या बाजूने. वाद घालू नकोस. सुट्टीत तिला घेऊन सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जा. सुनावण्या बहुतेक उघड्या असतात, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. मोबाइल बंद ठेवा आणि तासभर बघा. काळ्या कोटातल्या कितीतरी मुली तिला तिथे दिसतील, आणि कदाचित समोर न्यायाधीशाच्या खुर्चीवरही एखादी दिसेल. न्यायाधीश होण्याची वाटही तुला उघडी आहे. मात्र मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कनिष्ठ स्तराच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे कोर्टात उभं राहणं कुणालाच चुकत नाही.

शेवटी पुन्हा त्या चेककडे येते, कारण तिथे अजून काही करता येण्यासारखं असू शकेल. फौजदारी फिर्यादीची मुदत गेली म्हणजे पैसे बुडाले असं नाही. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावता येतो. तू दोन वर्षं म्हणतेस, तेव्हा थोडा काळ शिल्लक असेल. रक्कम तीन लाखांच्या वर आहे आणि वाद व्यापारी आहे, त्यामुळे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जावं लागेल, त्यालाही वेळ लागतो. मालकांना या आठवड्यातच वकील गाठायला सांग. आणि तू बाबांशेजारी बसून एक कागद तयार कर. माल कधी गेला, बिल कोणत्या तारखेचं, मधे काही रक्कम जमा झाली का, चेकची तारीख, तो परत आल्याची तारीख, खतावणीतली शिल्लक. सगळं तारखेच्या क्रमाने, एका पानात. वकिलांकडे जाताना बाबांबरोबर तूही जा, आणि ते त्या पानावरची कोणती तारीख आधी बघतात ते मला कळव.